कोळशाच्या खोलीतील उजेड

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले आणि चिटणीसबाईंनी मला एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहून द्यायला सांगितले, तेव्हा माझ्या मनात एकच नाव आले. ते आपल्यापैकी बऱ्याच भगिनींच्या ऐकण्यात नसेल. ते नाव ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन. बाई इंग्रज खऱ्या, पण त्यांचा जन्म झाला कलकत्त्यास आणि देह पडला सिलोनात. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्याजवळ स्वतःचा कॅमेरा नव्हता. पुढच्या बारा-पंधरा वर्षांत त्यांनी जी छायाचित्रे काढली, ती आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत जपून ठेवली आहेत.

हेच नाव का, हे सांगायचे तर आधी माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी माहेरचे घर आवरताना वडिलांचा जुना घडीचा कॅमेरा माझ्या हाती लागला. आमच्या पेठेत एक वृद्ध छायाचित्रकार राहतात. त्यांचे दुकान केव्हाच बंद झाले, पण मागची अंधारखोली त्यांनी मोडली नव्हती. मी कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि मला शिकवाल का, असे विचारले. माझे वय तेव्हा चौपन्न. घरातली मुले हसली. ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे, बोट लावले की चित्र निघते, मग आईला हा काळा-पांढरा उद्योग कशाला सुचला, असे त्यांना वाटले. पण काकांनी हसण्यावारी नेले नाही. दर गुरुवारी दुपारी या, म्हणाले.

पहिल्या रिळात आठ छायाचित्रे होती आणि आठही आपल्या आक्कांची होती. मंडळाच्या सर्वांत वडील सभासद, वय एकोणनव्वद. खिडकीशी पाट मांडून, नेसूचे नऊवारी नीटनेटके करून त्या तासभर माझ्यापुढे बसल्या. गुडघे दुखत असतानाही तोंडातून हूं की चूं काढली नाही. रीळ घेऊन मी अंधारखोलीत गेले आणि तिथे माझा घात झाला. फिल्म धुताना आधी डेव्हलपर ओतायचा. प्रकाश जिथे पडला असेल तिथल्या चांदीच्या क्षारांची त्याने काळी चांदी होते. मग हायपो ओतायचा. तो उरलेले क्षार विरघळवून टाकतो आणि चित्र कायम होते. दोन्ही बाटल्या एकसारख्या, चिठ्ठी कशावरच नाही. मी आधी हायपो ओतला. फिल्म बाहेर काढली तर धुतलेल्या काचेसारखी स्वच्छ! आठांपैकी एकही चित्र नाही. आक्का काढलेला फोटो कधी दाखवतेस म्हणून विचारीत आणि मी आज-उद्या करीत पंधरा दिवस मंडळाच्या सभेलाच गेले नाही. कॅमेरा पेटीत घालून ठेवला. या वयात नसता नाद, असे माझे मीच म्हणू लागले.

तेव्हा काकांनी मला उपदेश केला नाही. कपाटातून एक जाड पुस्तक काढून हातात दिले. त्यात कॅमेरॉनबाई मला भेटल्या.

त्यांचा जन्म ११ जून १८१५ चा. वडील जेम्स पॅटल हे कंपनी सरकारच्या नोकरीत होते. आई फ्रेंच घराण्यातली. घरात बहिणी पुष्कळ. ज्यूलियाबाईंचे बहुतेक शिक्षण फ्रान्समध्ये झाले. तरुणपणी प्रकृती बिघडली म्हणून हवापालटासाठी त्या आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी केप येथे गेल्या. तिथे १८३६ च्या सुमारास दोन व्यक्तींशी त्यांची ओळख झाली आणि त्या दोघांनी त्यांच्या आयुष्याला वळण दिले. एक चार्ल्स हे कॅमेरॉन, कायदेपंडित, बाईंपेक्षा वीस वर्षांनी मोठे. १८३८ मध्ये कलकत्त्यास दोघांचे लग्न झाले. मेकॉलेसाहेबांबरोबर हिंदुस्थानच्या कायद्याच्या कामात हे कॅमेरॉन होते. दुसरे सर जॉन हर्शेल, दक्षिणेचे आकाश तपासण्यासाठी तिथे राहिलेले खगोलशास्त्रज्ञ.

हे हर्शेल म्हणजे माझ्या फजितीचे मूळपुरुषच म्हणायचे! हायपो चांदीचे क्षार विरघळवतो, हे त्यांनी १८१९ मध्ये शोधून काढले होते. १८३९ मध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला, तेव्हा चित्र कायम करण्यासाठी हा हायपो वापरता येईल, हे त्यांनीच दाखवले. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्दही छायाचित्रणात त्यांनीच रूढ केले. या नव्या विद्येची हकीकत त्यांनी ज्यूलियाबाईंना पत्राने कळवली आणि काही नमुनेही कलकत्त्यास धाडले. म्हणजे बी पडले ते आपल्या देशात. मात्र ते रुजायला वीसांहून अधिक वर्षे लागली.

मधली वर्षे संसारात गेली. त्यांना स्वतःची सहा मुले झाली. शिवाय आईबापांविना उरलेली नात्यातली मुले त्यांनी पदरात घेतली. लंडनजवळ भीक मागताना दिसलेली मेरी रायन नावाची एक आयरिश मुलगीही त्यांनी घरी आणून वाढवली, शिकवली. १८४८ मध्ये नोकरीतून निवृत्त होऊन कुटुंब इंग्लंडला परतले. १८६० मध्ये आयल ऑफ वाइट या बेटावर फ्रेशवॉटर गावी त्यांनी शेजारशेजारची दोन घरे घेऊन एक केली आणि सिलोनातल्या आपल्या मळ्याच्या नावावरून त्याला डिंबोला हे नाव ठेवले. शेजारी राजकवी टेनिसन राहत होते. घर सदा पाहुण्यांनी भरलेले असे. दुसऱ्यांनी काढलेली छायाचित्रे जमवून, त्यांच्या वह्या करून आप्तेष्टांना भेट देण्याचा बाईंना नाद होता. पण स्वतः कॅमेरा धरण्याचा योग आला नव्हता.

१८६३ च्या डिसेंबरात पती सिलोनात मळे पाहायला गेले होते. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली. आईला एकटे वाटू नये, तिचा वेळ जावा, म्हणून त्या मुलीने आणि जावयाने आईला एक कॅमेरा भेट दिला. मुलांनी आपल्याला मिक्सर किंवा दूरदर्शन संच आणून द्यावा, तसाच तो प्रकार. पण बाईंनी त्याचा करमणुकीसाठी उपयोग केला नाही. घरातली कोळसे ठेवण्याची खोली रिकामी करून तिथे अंधारखोली केली. काचेच्या छपराचे खुराडे होते, त्यातल्या कोंबड्या सोडून देऊन तिथे छायाचित्रे काढण्याची जागा केली.

आज मी जी फिल्म वापरते, ती त्यांच्या काळी नव्हती. सामान्य माणसासाठी फिल्मचा कॅमेरा १८८८ मध्ये निघाला, आणि तोवर बाईंना जाऊन नऊ वर्षे झाली होती. त्यांचे काम चाले काचेवर. आम्ल लावलेला कापूस ईथर आणि मद्यार्कात विरघळवून एक चिकट द्रव तयार करायचा. त्याला कोलोडियन म्हणतात. तो हातात धरलेल्या काचेवर ओतून, काच चारी बाजूंना कलती करून, सारखा पसरायचा. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि सुकण्याच्या आत परत अंधारखोलीत धावायचे. आपल्या हिराकशीच्या जातीचे द्रावण ओतून चित्र वर आणायचे, कायम करायचे, पाण्याखाली धरायचे, शेवटी वार्निश द्यायचे. द्रव ओतण्यापासून चित्र वर आणेपर्यंतचे सारे काच सुकण्याच्या आत. कुठे धुळीचा कण बसला, कुठे बोट लागले, कुठे द्रव कमी पडला की काच फुकट. काच कायम करायला बाई पोटॅशियम सायनाइड वापरीत. ते जहाल विष. हर्शेलनी त्याबद्दल त्यांना पत्रातून सावध केले होते.

कागदावर छाप घेण्याची तऱ्हाही निराळी होती. माझ्याजवळ एन्लार्जर आहे. लहानशा निगेटिव्हवरून मोठी प्रत निघते. त्यांना काच आणि कागद एकावर एक ठेवून उन्हात मांडावे लागे, म्हणून काच जेवढी तेवढीच प्रत. आणि तो कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला असे. खुराड्यातून कोंबड्या गेल्या, पण अंडी कामात राहिलीच!

पहिल्या काचेसाठी बाईंनी गावातल्या एका शेतकऱ्याला पैसे देऊन बसवले. पुष्कळ खटपटीनंतर चित्र उमटले, आणि आनंदाच्या भरात बाईंचा हात काचेच्या ओल्या बाजूवरून फिरला. चित्र सारे पुसले गेले. हे मी वाचले तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले. माझी आठ गेली होती, त्यांचे एक; पण पुसणारा हात दोघींचा स्वतःचाच.

बाईंनी दुसरी काच घेतली. २९ जानेवारी १८६४ रोजी ॲनी फिलपॉट नावाच्या लहान मुलीला त्यांनी बसवले. जाडजूड कोट, मोकळे केस, नजर एका बाजूला. दुपारी एक वाजता चित्र घेतले. त्याच दिवशी छाप घेतला, रंग चढवला, कायम केला, चौकटीत बसवला आणि रात्री आठापर्यंत मुलीच्या वडिलांच्या हाती दिला. हेच आपले पहिले यश, असे त्यांनी त्यावर नोंदून ठेवले. त्या दिवशी आनंदाने त्या घरभर धावल्या आणि त्या मुलीला देण्याजोगे काय काय सापडते ते शोधत सुटल्या. कारण चित्र आपण काढले नसून त्या पोरीनेच काढले, असे त्यांना वाटत होते. कॅमेरा येऊन तेव्हा पुरते दोन महिनेही झाले नव्हते.

मग घरातले कोणी सुटले नाही. मोलकरीण मेरी हिलियर हिला त्यांनी इतक्या वेळा मेरी माता म्हणून बसवले की गावात ती त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. भाच्या, नातवंडे, शेजारची मुले, दारी आलेले पाहुणे, सर्वांना बसावे लागे. एकेका चित्राला कित्येक मिनिटे हालचाल न करता बसायचे, म्हणून शेजारीपाजारी बाईंना पाहून वाट बदलीत असावेत! बाईंची बोटे सिल्व्हर नायट्रेटने कायमची काळी झाली. ओल्या काचा पतीला दाखवण्यासाठी त्या जेवणाच्या खोलीत धावत आणि मेजावरच्या कापडांवर न निघणारे डाग पाडीत. इतर कोणत्या घरातून आपल्याला हाकलून दिले असते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पण सत्तरीकडे झुकलेले कॅमेरॉनसाहेब प्रत्येक नवी काच कौतुकाने पाहत. घरातल्या एका माणसाने हौसेने पाहिले की बाईमाणसाला किती बळ येते, हे मी निराळे सांगायला नको.

१८६४ मध्येच त्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासद झाल्या, पण तिथल्या जाणत्यांनी त्यांना फारसे जवळ केले नाही. चित्रे अंधुक आहेत, काचेवर ओरखडे आणि बोटांचे ठसे दिसतात, बाईंना हत्यार नीट चालवता येत नाही, अशी टीका छापून आली. यातले काही खरेच होते. ओरखडे हे ओरखडेच. पण अंधुकपणाची गोष्ट वेगळी होती. भिंग जुळवताना चेहरा सुंदर दिसू लागला की त्या तिथेच थांबत, कडा धारदार होईपर्यंत पुढे जात नसत. सुरुवातीला हे आपसूक घडले. मग ते चांगले आहे असे ओळखून त्यांनी ते धरून ठेवले. शिकणाऱ्याचा दोष कोणता आणि त्याची स्वतःची रीत कोणती, हे ठरवणे फार अवघड असते. बाईंनी दुसऱ्यांना ते ठरवू दिले नाही. १८६६ मध्ये त्यांनी आणखी मोठा कॅमेरा घेतला, पंधरा इंच बाय बारा इंच काचांचा. त्यावर जवळजवळ खऱ्या आकाराची मुखे उमटत. १८६७ मध्ये त्यांनी वृद्ध हर्शेलना बसवले. अंधारातून ते पांढरे विस्कटलेले केस आणि थकलेले डोळे पुढे येतात. पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने पत्रातून विद्या सांगितली, त्याला शिष्येने दिलेली ही गुरुदक्षिणाच. टेनिसन, कार्लाइल, चार्ल्स डार्विन हेही त्यांच्या काचेपुढे बसले. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने १८६५ मध्ये त्यांची चित्रे विकत घेतली आणि १८६८ मध्ये कामासाठी दोन खोल्या दिल्या.

भीक मागणाऱ्या मेरी रायनची गोष्ट पुरी केली पाहिजे. बाईंनी तिची चित्रे काढली आणि ती १८६५ मध्ये लंडनला प्रदर्शनात मांडली. हेन्री कॉटन नावाच्या एका तरुणाने ती पाहिली आणि त्याचे मन तिच्यावर जडले. १८६७ मध्ये दोघांचे लग्न झाले. हा तरुण हिंदुस्थानात सनदी नोकरीत होता. इथल्या लोकांची बाजू घेणारा अधिकारी म्हणून पुढे त्याचे नाव झाले, आणि १९०४ मध्ये आपल्या मुंबईस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा त्याचे अध्यक्ष सर हेन्री कॉटन हेच होते.

मात्र बाईंचे चरित्र सांगताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. त्यांच्या घरी नोकरचाकर होते. काचा धुवायला विहिरीचे पाणी लागे. ते वाहण्याचे आणि अंधारखोलीत हाताखाली राबण्याचे काम मोलकरणींच्या वाट्यालाही येई. घरात येणारा पैसा सिलोनातल्या कॉफीच्या मळ्यांचा, म्हणजे तिथे राबणाऱ्या मजुरांच्या घामाचा होता. त्या मळ्यांचे उत्पन्नही पुढे घटत गेले. बाईंनी चित्रांचे हक्क नोंदवून ती विकायला ठेवली, पण त्यातून खर्चाची तोंडमिळवणी झाली नाही. ज्या घरात मोलकरीण नाही आणि पैसाही नाही, तिथल्या बाईला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी असा कॅमेरा धरता आला असता का? त्या काळी नसता आला. म्हणून त्यांच्या धडपडीचे मोल कमी होत नाही. पण मेरी हिलियरचे नावही त्यांच्याबरोबर घ्यावे, एवढे मला वाटते.

१८७३ मध्ये त्यांची ती मुलगी, जिने कॅमेरा दिला होता, बाळंतपणात वारली. पुढच्या वर्षी बाईंनी आपल्या छायाचित्रणाची हकीकत लिहायला घेतली. ती अपुरीच राहिली. १८७५ मध्ये पतीच्या इच्छेप्रमाणे दोघे सिलोनात राहायला गेली. तिथे मळ्यांतली माणसे, तिथल्या बायका यांची काही चित्रे त्यांनी काढली. त्यांपैकी तीसच्या आसपासच आज हाती आहेत. २६ जानेवारी १८७९ रोजी त्या निवर्तल्या. बोगावंतलावा येथील चर्चच्या आवारात त्यांची समाधी आहे. पुढे लोक त्यांना बरेचसे विसरले. १९२६ मध्ये त्यांच्या लाडक्या भाचीची मुलगी, प्रसिद्ध लेखिका व्हर्जिनिया वुल्फ, हिने त्यांच्या चित्रांचे पुस्तक काढण्यात पुढाकार घेतला आणि नव्या पिढीला त्यांची ओळख झाली. आज त्यांच्या हजाराहून अधिक छायाचित्रांची नोंद झालेली आहे.

पुस्तक वाचून संपले त्याच संध्याकाळी मी आक्कांकडे गेले आणि खरे काय ते सांगितले. बाटल्यांची गोष्ट ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग साबुदाण्याच्या खिचडीत आपण एकदा साखरेऐवजी सोडा घातला होता, हे त्यांनी मला सांगितले आणि पाट पुन्हा खिडकीशी मांडायला लावला.

या वेळी आधी डेव्हलपर, मग हायपो. आठांपैकी सात चित्रे बरी निघाली. आठव्यात आक्का मधेच नातसुनेकडे वळल्या होत्या, म्हणून चेहरा जरा हललेला आहे. लाल दिव्याखाली मी सातांच्या प्रती काढल्या आणि आठवी निगेटिव्ह बाजूला टाकली. काकांनी ती उचलून माझ्या हातात दिली. एन्लार्जरखाली कागद ठेवला, बारा मोजले, कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला. आधी काळे केस यावेत तशा भुवया आल्या, मग खिडकीची कड, मग हसू फुटण्याच्या बेतात असलेले तोंड. बाकीच्या सातांत आक्का फोटोला बसल्या आहेत. या एकात त्या आक्का आहेत. आठही प्रती त्यांच्यापुढे मांडल्या तेव्हा त्यांनी हीच उचलली. मंडळाच्या दिवाणखान्यात दाराच्या उजव्या हाताला लावली आहे ती हीच. कडा अंधुक का, असे कुणी विचारले तर आता मी ओशाळत नाही.

काकांची अंधारखोली दर गुरुवारी दुपारी तीन वाजता उघडते. ज्या भगिनींना शिकण्याची इच्छा असेल त्यांनी अवश्य यावे. वयाची अट नाही. साडी जुनी नेसावी, डाग निघत नाहीत. बाटल्यांवर मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या आहेत.